आठवा हप्ता चुकला, आता पुढे काय?

पत्राचा गोषवारा: या वाचक भगिनी चाळिशीच्या आहेत. घरचा फॅब्रिकेशनचा जॉबवर्कचा धंदा आहे. काम नवरा आणि दीर पाहतात, पण २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा फर्म त्यांच्या नावावर काढली. "मला त्यातलं काही कळत नाही, मी फक्त ओटीपी सांगते," असं त्या लिहितात. २०२०-२१ या वर्षातल्या इनपुट क्रेडिटवरून (म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीवरून) राज्याच्या जीएसटी विभागाने मागणी काढली. कर ३ लाख ६० हजार, व्याज २ लाख ५२ हजार, दंड ३६ हजार, असे एकूण ६ लाख ४८ हजार रुपये. अपील केलं नाही. अर्ज करून दरमहा ३६ हजारांचे १८ हप्ते बांधून घेतले आणि सात हप्ते वेळेवर भरले. आठव्याच्या वेळी मोठ्या गिऱ्हाईकाचं बिल अडकलं, त्यामुळे तो अकरा दिवस उशिरा भरला. मग ऑफिसमधून फोन आला की हप्त्यांची सवलत संपली, उरलेली सगळी रक्कम एकदम भरा. दीर म्हणतात, "हा जीएसटी नंबर बंद करू आणि नवी फर्म जाऊबाईंच्या नावावर काढू." नवऱ्याने सावकाराशी शेकडा तीनने बोलणं केलं आहे. बाईंच्या मनात दागिने गहाण टाकावेत असं आहे. त्या विचारतात, "एका हप्त्यासाठी एवढी शिक्षा? आणि मी त्या साहेबांसमोर जाऊन बोलू तरी काय?"

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. शिक्षा हा शब्द त्यात चार ठिकाणी आहे. आपल्यावर कुणीतरी डूख धरलाय असं तुम्हाला वाटतंय, आणि त्या भीतीतच घरातले तिघं तीन दिशांना पळताय. म्हणून आधी तेवढं मोकळं करू.

तुमची सवलत कुणी रागाने रद्द केलेली नाही. जीएसटी कायद्याच्या कलम ८० मध्येच लिहिलं आहे की ठरलेल्या तारखेला एक जरी हप्ता चुकला तर उरलेली सगळी रक्कम त्याच दिवशी देय होते आणि वसुलीसाठी वेगळी नोटीसही द्यावी लागत नाही. अकरा दिवस उशीर झाला काय किंवा एक दिवस, कायद्याला फरक पडत नाही. आयकरातही हेच आहे. तिथेही एका चुकलेल्या हप्त्यावरून सगळी थकबाकी देय धरतात. हे कडक आहे, माझ्या मते छोट्या धंद्यासाठी जरा जास्तच कडक आहे. पण नियम आपोआप लागू झाला असेल तर कुणाचे पाय धरून तो मागे जाणार नाही आणि कुणाशी भांडूनही जाणार नाही. नवा अर्ज करावा लागेल, आणि तो वसुली सुरू व्हायच्या आत. ते का, ते पुढे सांगते.

त्याआधी एक शंका. हप्ता खरंच चुकला का, आणि चुकला असेल तर कितवा?

तुम्ही लिहिता, "चलन केलं आणि बँकेतून पैसे गेले." जीएसटीत चलन भरलं म्हणजे कर भरला असं होत नाही. चलनाचे पैसे तुमच्या इलेक्ट्रॉनिक कॅश लेजरमध्ये जमा होतात, म्हणजे सरकारकडे असलेल्या तुमच्याच पाकिटात. तिथून ते त्या मागणीपोटी वळते करावे लागतात. त्यासाठी पोर्टलवर 'पेमेंट टुवर्ड्स डिमांड' असा पर्याय असतो. तो वापरला नाही तर पैसे पाकिटात पडून राहतात आणि तिकडे हप्ता थकलेला दिसतो. हे होताना मी इतक्यांदा पाहिलंय की आता कुणी "भरलं" म्हणालं की मी आधी लेजर उघडायला सांगते. त्यात राज्याचा आणि केंद्राचा जीएसटी, कर, व्याज, दंड असे वेगवेगळे कप्पे असतात. चुकीच्या कप्प्यात पैसे गेले असतील तर ते पीएमटी-०९ या फॉर्मने हलवता येतात.

दुसरी शक्यता अशी की तुमच्या सल्लागाराने काही हप्ते डीआरसी-०३ ने भरले असतील. तो फॉर्म मुळात आपणहून भरायच्या रकमेसाठी असतो. त्यातून भरलेले पैसे मागणीच्या खात्यात आपोआप दिसत नाहीत. २०२४ पासून यासाठी डीआरसी-०३ए हा फॉर्म आला आहे, त्याने जुनी भरणा नोंद त्या मागणीला जोडता येते. ज्या तारखेचे पैसे त्याच तारखेचा पुरावा हातात आला तर कदाचित साहेबांशी होणारं बोलणंच बदलेल. तुमचा आठवा हप्ता उशिराच गेलाय हे तुम्ही स्वतःच सांगता, त्यामुळे फार आशा लावू नका. पण आधीचे सात नीट लागलेत की नाही, हे तुम्हाला या घडीला ठाऊक नाही. इलेक्ट्रॉनिक लायबिलिटी रजिस्टरचा दुसरा भाग उघडला की मागणीसमोर किती शिल्लक आहे ते दिसतं. तिथे ३ लाख ६० हजार दिसले तर आठवा हप्ताही लागला, ३ लाख ९६ हजार दिसले तर सातच लागले, आणि तिसराच आकडा दिसला तर सल्लागाराला समोर बसवून विचारा.

आणि तो फोन? तो ऑफिसमधलाच होता, हे पोर्टलवर पडताळा. 'व्ह्यू ॲडिशनल नोटिसेस अँड ऑर्डर्स' या कोपऱ्यात बरीच कागदपत्रं कुणी न बघता पडून असतात, आणि पोर्टलवर टाकलेली नोटीस कायद्याने बजावलेली धरली जाते. फोनवरच्या माणसाने दिलेल्या नंबरवर एक रुपयाही पाठवू नका.

आता घरच्यांचे सल्ले.

दिरांचा सल्ला मी आधी घेते, कारण तो सगळ्यात सोपा वाटतो आणि सगळ्यात महाग पडेल. नंबर रद्द केला तरी त्याआधीची देणी जात नाहीत, हे कलम २९ मध्ये स्पष्ट आहे. फर्म प्रोप्रायटरी आहे. म्हणजे फर्म वेगळी आणि तुम्ही वेगळ्या असं काही नाही. पॅन तुमचा, देणं तुमचं, आणि वसुली तुमच्या बचत खात्यापर्यंतही येऊ शकते. बरं, तीच मशिनं, तीच गिऱ्हाइकं, तोच गाळा घेऊन जाऊबाईंच्या नावाने धंदा सुरू केला तर धंदा हस्तांतरित झाला असं म्हटलं जाऊ शकतं. मग कलम ८५ प्रमाणे देणाऱ्याबरोबर घेणाऱ्यावरही जुन्या कराची जबाबदारी येते. म्हणजे आज एक बाई अडकली आहे, उद्या दोघी अडकतील. याच भीतीने कुणी घर किंवा प्लॉट घाईघाईने दुसऱ्याच्या नावावर करायचा सल्ला देईल. तोही ऐकू नका. कर थकलेला असताना महसूल बुडवण्याच्या हेतूने केलेला व्यवहार कलम ८१ ने रद्दबातल ठरतो. दिरांचा हेतू वाईट असेल असं मी म्हणत नाही. पण या सल्ल्यात त्यांचं स्वतःचं काहीच पणाला लागत नाही, एवढं लक्षात घ्या.

यजमानांचा सावकार. शेकडा तीन म्हणजे महिन्याला ३ टक्के, वर्षाला ३६. आठवा हप्ता लागलाच नाही असं धरलं तर तीन लाख शहाण्णव हजारांवर महिन्याला ११,८८० रुपये नुसतं व्याज जाईल आणि मुद्दल जिथल्या तिथे राहील. सरकारचं व्याज वर्षाला १८ टक्के. ते थकलेल्या करावर लागतं, पण अगदी सगळ्या रकमेवर धरलं तरी महिन्याला ५,९४० होतात. म्हणजे निम्मे. सरकारचं देणं फेडायला त्याच्या दुप्पट व्याजाचं देणं घ्यायचं, आणि तेही अशा माणसाकडून ज्याच्याशी भांडण झालं तर दाद मागणं सोपं नाही. यजमानांना हा हिशोब एका कागदावर मांडून दाखवा. बोलून सांगितलं तर वाद होईल.

तुमचे दागिने. इथे मी तुम्हाला सरळ नाही म्हणणार नाही. बँकेचं सोनेतारण सावकारापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं आणि बहुधा सरकारी १८ टक्क्यांच्याही खाली येतं. पण सगळं सोनं ठेवून सगळी रक्कम एकदम भरायची घाई करू नका. नव्या अर्जासोबत काही रक्कम आधीच भरून दाखवली तर त्या अर्जाला वजन येतं. एक-दोन हप्त्यांएवढी रक्कम कुठूनतरी उभी करायचीच असेल तर तेवढ्यापुरतं सोनेतारण किंवा भिशीची उचल ठीक आहे. मात्र ते सोनं तुमचं आहे आणि ते सोडवून कोण देणार, कोणत्या महिन्यापर्यंत, हे ठेवण्याआधी ठरवा. मला पत्रात हीच गोष्ट खटकली. देणं तुमच्या नावावर, सोनं तुमच्या अंगावरचं, आणि सल्ले द्यायला बाकीचे. तुम्ही स्वतःला "फक्त ओटीपी सांगणारी" म्हणता. पण तो ओटीपी म्हणजे तुमची सही आहे. प्रत्येक रिटर्नवर "यातली माहिती खरी आहे" असं तुम्हीच लिहून देत आलात. घाबरवायला हे म्हणत नाही. ऑफिसमध्ये जाऊन बोलायचा पहिला हक्क तुमचाच आहे, कुणाची परवानगी काढायची गरज नाही, हे सांगायला म्हणते.

तर आता नवा अर्ज. कलम ८० खाली हप्ते मागायचे ते डीआरसी-२० या फॉर्ममध्ये, पोर्टलवरच. मंजूर झाले तर डीआरसी-२१ हा आदेश येतो. पूर्वीचा आदेश शोधून काढा आणि त्यातल्या तारखा, अटी स्वतः वाचा. हप्ते जास्तीत जास्त चोवीस देता येतात, तुम्हाला अठराच मिळाले होते. रक्कम २५ हजारांच्या आत असेल तर ही सवलत मिळत नाही, तो प्रश्न तुम्हाला नाही. तुम्हाला लागू पडणारा नियम दुसराच आहे. थकलेल्या रकमेची वसुली प्रत्यक्ष सुरू झालेली असेल तर हप्ते नाकारायचे असं नियम १५८ सांगतो. म्हणून म्हटलं, वसुली सुरू व्हायच्या आत. सध्या नुसता फोन आलाय, खातं गोठलेलं नाही. ही फट किती दिवस उघडी राहील ते सांगता येणार नाही, त्यामुळे "मार्च संपू दे, मग बघू" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. दुसऱ्यांदा सवलत मिळेलच असंही नाही. देणं न देणं आयुक्तांच्या अधिकारात आहे, आणि खालच्या अधिकाऱ्याकडून तुमच्या आर्थिक कुवतीचा अहवाल मागवला जातो. तुम्ही ज्या साहेबांना घाबरता, त्यांच्या हातात बहुधा तो अहवालच आहे. तेव्हा त्यात लिहायला त्यांना काहीतरी हाती द्या.

पण अर्ज लिहिण्याआधी एक संध्याकाळ काढा आणि आठवा हप्ता का चुकला ते शोधा. गिऱ्हाईकाचं बिल अडकलं हे खरं, पण ते याआधी कधी अडकलं नव्हतं का? गेल्या बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट घ्या. दर महिन्याला पगार, वीज, माल, भाडं आणि घरखर्च गेल्यावर सगळ्यात वाईट महिन्यात किती उरले, त्यावर पेन्सिलीने गोल करा. तो आकडा २२ हजार असेल तर ३६ हजारांचा हप्ता पहिल्या दिवसापासून तुमच्या आवाक्याबाहेर होता. सात भरले ते ओढाताण करून. बहुतेक लोक हप्ता मागताना साहेबांसमोर लाज वाटते म्हणून मोठा आकडा सांगतात आणि मग तोच गळ्याशी येतो. चांगल्या महिन्याकडे बघून हप्ता मागू नका, वाईट महिन्याकडे बघून मागा. मात्र चोवीसची कमाल मर्यादा आहे. ३ लाख ९६ हजारांचे चोवीस केले तरी महिन्याला १६,५०० होतात आणि वर व्याज. वाईट महिन्याचा आकडा त्याच्याही खाली असेल, तर थोडी रक्कम आधी भरून बाकीचे हप्ते करणं हाच मार्ग उरतो. सोन्याचा विचार तिथे करायचा.

तारखेकडेही बघा. दरमहा रिटर्न भरणाऱ्यांची ३बी ची, म्हणजे कर भरायच्या मासिक रिटर्नची, तारीख २० असते. हप्ताही त्याच सुमारास असेल तर एकाच आठवड्यात दोन घास गिळायचे. गिऱ्हाईकाचे पैसे महिन्याच्या ज्या दिवसात येतात त्यानंतरची तारीख मागा.

आणि इथे जी चूक जवळजवळ सगळे करतात, ती तुम्ही करू नका. हप्ता वाचवायला चालू महिन्याचं रिटर्न मागे ठेवू नका. रिटर्नमधला स्वतः दाखवलेला कर हप्त्यांनी भरायची मुभाच कलम ८० देत नाही, आणि पूर्ण रक्कम भरल्याशिवाय ३बी दाखल होत नाही. दोन रिटर्न लागोपाठ राहिली की ई-वे बिल (माल वाहतुकीसाठी लागणारा ऑनलाइन कागद) बंद होतं, मग माल गाळ्यातून हलत नाही, बिल निघत नाही आणि पुढचा हप्ताही जातो. सहा महिने राहिली तर नंबरच रद्द होऊ शकतो. महिन्यात पैसे कमी पडले तर आधी रिटर्न, मग हप्ता. ऐकायला उलटं वाटेल, पण अर्ज तपासणारा माणूसही पहिल्यांदा हेच बघतो की चालू रिटर्नं वेळेवर आहेत का.

त्या गिऱ्हाईकाबद्दल थोडं. तुमची उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारकडे केलेली नोंद) असेल तर लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या वर तुमचं बिल अडकवता येत नाही. अडकवलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ, व्याज मागता येतं आणि ऑनलाइन तक्रारही करता येते. मोठं गिऱ्हाईक आहे, लगेच तक्रार करा असं मी म्हणणार नाही. नेहमीच्या तगाद्याच्या ईमेलमध्ये या नियमाचा एक साधा उल्लेख टाकून बघा. त्यांच्या अकाउंट्सवाल्यांना तो कळतो.

ज्यांचं खातं आधीच गोठलंय अशा वाचकांची पत्रंही येतात, त्यांच्यासाठी. बँकेला किंवा गिऱ्हाईकाला जाणारी ती नोटीस डीआरसी-१३ असते. गिऱ्हाईकाने त्यापोटी सरकारला पैसे भरले तर तेवढं त्याचं तुम्हाला असलेलं देणं फिटतं आणि तेवढी तुमची थकबाकी कमी होते. अपमान वाटतो, पण पैसे वाया जात नाहीत. नोटीस काढणारा अधिकारी ती बदलू किंवा मागेही घेऊ शकतो. काही ठोस रक्कम भरून, पगार आणि चालू कराचं कारण देऊन तशी लेखी विनंती करा. तिथेही नाही झालं तर उच्च न्यायालय उरतं. काही प्रकरणांत न्यायालयांनी हप्ते बांधून दिलेत, पण वकिलाचा खर्च आणि थकबाकी यांचा मेळ आधी घाला. आदेश नुकताच निघालाय आणि तीन महिने उलटले नाहीत, असं कुणाचं असेल तर हप्त्यांच्या आधी अपिलाचा विचार करा. वादातल्या कराच्या १० टक्के भरले की बाकीची वसुली थांबते. ताई, तुमची ती मुदत मात्र गेली.

शेवटी तुमचा प्रश्न, साहेबांसमोर बोलायचं काय. रडायचं नाही, दिरांना पुढे करायचं नाही आणि "आम्हाला माहीत नव्हतं" असंही म्हणायचं नाही. साधारण असं म्हणा: "फर्म माझ्या नावावर आहे. सात हप्ते वेळेवर भरले, हे त्यांचे तपशील. आठवा अमुक तारखेचा अमुक तारखेला भरला, उशिराचं कारण हे थकलेलं बिल आणि हे बँक स्टेटमेंट. चालू रिटर्नं सगळी भरलेली आहेत. आज एवढी रक्कम आणखी भरली आहे. बाकीची एवढ्या हप्त्यांत, या तारखांना भरू शकते. डीआरसी-२० केला आहे, ही त्याची प्रत." एवढंच. ते रागावले तर रागावू द्या, तुम्ही कागद पुढे सरकवा. यजमानांना सोबत न्या, पण बोला तुम्ही. अर्ज पोर्टलवर केलेला असला तरी सोबतच्या पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. आणि घरी आलात की पोर्टलचा पासवर्ड बदला. पत्रावरून वाटतं की तो सध्या दिरांच्याच मोबाइलमध्ये आहे.